ज्याला शाळेची काळजी आहे

३ ऑगस्ट, गुरुवार

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि जूनपासून त्यांच्या जागी मी मुख्याध्यापिका झाले, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. त्यांच्या खुर्चीत बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. हे उगाच म्हणायचं म्हणून सांगत नाहीये, खरंच टेकत नाहीत. खाली जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेतलाय, त्यावर पाय ठेवून बसते.

तुला एक विचारायचं होतं. एका खोलीत बसणारी माणसं एकमेकांशी बोलायला लागावीत म्हणून काय करतात? तू इथे होतीस तेव्हा तुला काही करावं लागायचं नाही. तू आलीस की बोलणं सुरू व्हायचं.

आता बावीस माणसं आहेत. दोन टेबलं, मध्ये कपाट. खिडकीपाशी जुने, दाराशी नवे. भूगोलाच्या बाई टाचणवही कुलपात ठेवतात, नकाशेसुद्धा. जग चोरून नेईल कुणीतरी. इंग्रजीच्या मॅडम यंदाच लागल्यात. परवा त्या मला विचारायला आल्या, ‘‘खडू कुणाकडे मागायचा?’’

म्हटलं, ‘‘खोकं उघडंच असतं की. घ्यायचा.’’

‘‘घेतला होता. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, विचारून घेत जा. मग विचारलं, तर म्हणाल्या, मला काय विचारता.’’

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खडूमुळे नव्हते हे कळायला मला जरा वेळ लागला.

मोठ्या बाईंनी हे असं घडवलं, तुला ठाऊक आहे. शनिवारी मुलं गेली की एकेकाला बोलवायचं, समोर चहा ठेवायचा आणि विचारायचं, ‘‘काय म्हणतंय स्टाफरूम?’’ वीस वर्षं ज्याने त्याने दुसऱ्याचं सांगितलं. आता त्या नाहीत, पण जीभ आवरून बसायची सवय काही जात नाही.

ज्यांच्यामुळे तुला शाळा सोडावी लागली ते शास्त्राचे सर अजून इथेच आहेत. दोन वर्षांनी निवृत्त होतील. डबा प्रयोगशाळेत खातात, एकटेच. पाठीमागे सगळे त्यांना ‘वार्ताहर’ म्हणतात. इंग्रजीच्या मॅडमना दुसऱ्याच दिवशी कुणीतरी बजावलं, त्यांच्यासमोर जपून बोला. का, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो स्वतः मागच्या वर्षी आलाय.

मला हे बदलायचंय. तुला सुचलं तर दोन ओळी लिही.

तुझी,
धाकटी


२९ ऑगस्ट, मंगळवार

ताई,

तू लिहिलं नाहीस. मीच लिहिते.

मी तीन गोष्टी सुरू केल्या. गुरुवारी मधल्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र चहा. आठवड्यातून एक तास दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं, वही-पेन न घेता, दोष न काढता. आणि स्टाफरूममध्ये एक फळा, वर लिहिलंय ‘मला मदत हवी’. ज्याला लागेल त्याने खाली लिहावं, जो मोकळा असेल त्याने पुढे नाव घालावं.

पहिल्या गुरुवारी सगळे आले. कप हातात घेऊन उभे राहिले, घंटा कधी होते याची वाट बघत. खेळाचे सर म्हणाले, ‘‘मॅडम, हा चहा हजेरीत धरणार का?’’ लोक हसले. मलाही बरं वाटलं. मग कळलं की त्यांना खरंच विचारायचं होतं.

फळा आठ दिवस कोरा. नवव्या दिवशी कुणीतरी लिहिलं, ‘पंखा दुरुस्त करा’. मी पंखा दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या दिवशी, ‘दुसरा पण’. म्हटलं, चला, सुरुवात पंख्यांपासून तर पंख्यांपासून.

आणि काही काही खरंच हललं. भूगोलाच्या बाई इंग्रजीच्या मॅडमच्या वर्गात जाऊन बसल्या. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘‘आवाज फार वर नेता तुम्ही, घसा बसेल. मुलांकडे पाठ करून लिहू नका, तिरक्या उभ्या राहा.’’ आणि कसं उभं राहायचं ते करून दाखवलं, व्हरांड्यात, भिंतीला फळा समजून. बाईंचे तीस वर्षांचे अनुभव कुलपाबाहेर आले तर काय होईल, ते त्या दोन मिनिटांत मला दिसलं.

पण शास्त्राच्या सरांच्या वर्गात कुणी गेलं नाही. त्यांनाही कुणी बोलावलं नाही. गुरुवारी ते येतात, कप घेतात, दारापाशी उभं राहून संपवतात, कप धुऊन ठेवतात आणि जातात. ते आले की बोलणं थांबतं, गेले की सुरू होतं. मी बघते.

त्यांनी फळ्यावर लिहिलंय. ‘नववी ब, बुधवार, चौथा तास. प्रयोगशाळेत सोबत एक जण हवा. शेहेचाळीस मुलं आहेत.’ ठळक, सरळ अक्षर. दोन बुधवार गेले. पुढची जागा मोकळीच आहे.

मी त्यांच्यापाशी जाऊन बोलायला हवं, हे मला कळतं. कामं फार आहेत गं.

धाकटी


१४ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

काल चौथ्या तासाला प्रयोगशाळेत नववीतली एक मुलगी भाजली. सर पलीकडच्या टोकाला एका गटाला नळी कशी धरायची ते दाखवत होते. इकडे हिची बाही स्पिरिटच्या दिव्यावर गेली. सर धावले, हाताने विझवलं, नळाखाली धरलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलंय. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, खूण राहील. सरांच्या तळहातालाही फोड आलेत. त्यांनी कुणाला दाखवले नाहीत, मलम लावताना शिपाईमामांनी पाहिले.

मुलीची आई आली होती. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिला सरांनी स्वतःच सांगितलं, मी एकटा होतो, माझं लक्ष पोचलं नाही. तिने स्टाफरूमच्या दारातून आत पाहिलं. तास चालू होता, पाच जण बसले होते. ती म्हणाली, ‘‘एवढी माणसं आहेत तुमच्याकडे. एकालाही तिथे उभं राहता आलं नाही?’’

तिच्यासमोरच तो फळा होता.

संस्थेच्या सचिवांचा फोन आला. सोमवारपर्यंत अहवाल द्या म्हणाले. ‘‘शास्त्राच्या शिक्षकाचा निष्काळजीपणा, असं दोन ओळींत लिहा आणि विषय मिटवा. तसंही त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही.’’

आज स्टाफरूममध्ये सगळे तेच म्हणतायत, की सरांचं लक्षच नसतं. इंग्रजीच्या मॅडम तेवढ्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, बुधवारी चौथा तास मला मोकळा असतो. मी नाव घालणार होते. मला सांगितलं गेलं, त्यांच्या वाऱ्याला उभ्या राहू नका, नवीन आहात.’’

बुधवारी चौथा तास मलाही मोकळा असतो, ताई. मी रोज त्या फळ्यापुढून जाते.

उद्या-परवा लिहीन.


१६ सप्टेंबर, शनिवार

ताई,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ज्यांच्यामुळे तुला शाळा सोडावी लागली ते सर अजून इथेच आहेत. ते खोटं होतं. अकरा वर्षं तेच खोटं तू खरं धरून चाललीस आणि मी ते तसंच राहू दिलं.

मोठ्या बाईंना मी सांगितलं.

आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुढे लिहिणं होणार नाही. बाबांना दर बुधवारी दवाखान्यात न्यावं लागायचं. तू मस्टरवर सही करून दुसऱ्या तासाला निघायचीस आणि सर तुझा वर्ग सांभाळायचे. हे तिघांनाच ठाऊक होतं, तुला, सरांना आणि मला. मी बुधवारी जायचं नाही, असं तूच ठरवलं होतंस. ‘‘तू अजून कायम नाहीस. तुझी एक रजासुद्धा त्यांच्या डोळ्यांवर येईल,’’ असं म्हणाली होतीस. मी कायम व्हावं म्हणून तू जात होतीस.

त्या शनिवारी माझी पाळी होती. चहा समोर आला. माझा कायम झाल्याचा आदेश टेबलावरच होता, सहीशिवाय. मी तो उलटा वाचत होते. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘तुझी बहीण आजकाल थकलेली दिसते. बुधवारी तर फारच.’’ त्यांना काही ठाऊक होतं की अंदाज मारत होत्या, ते मला आजही कळलेलं नाही. मी ‘होय, बाबांची तब्येत’ म्हणून थांबू शकले असते. मी म्हटलं, ‘‘बुधवारी ती दुसऱ्या तासाला दवाखान्यात जाते, सर बघतात तिचा वर्ग.’’

तोंडातून निसटलं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगितलं. निसटलं नव्हतं. विश्वासातली म्हणून कुणीतरी माझ्याकडे बघावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं. त्यांनी मान हलवली, पेन उचललं आणि सही केली. मी कप खाली ठेवला तेव्हा चहा अर्धा होता. तोही संपवला.

तुला मेमो मिळाला त्या स्टाफच्या सभेत तू विचारलंस, ‘‘कुणी सांगितलं?’’ आणि मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘ज्याला शाळेची काळजी आहे त्याने.’’ ‘त्याने’ म्हणाल्या गं. आपण सगळेच बोलताना तसं म्हणतो. पण त्या एका शब्दावर सगळ्या माना सरांकडे वळल्या. ते म्हणाले, ‘‘बाई, मी नाही.’’ तू म्हणालीस, ‘‘सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’’ मी तुझ्या शेजारी होते. तुझ्यासाठी पाण्याचा पेला हातात धरून.

मेमो सरांनाही मिळाला होता. आपलंच नुकसान करून कुणी चहाडी करेल का, एवढासुद्धा विचार कुणी केला नाही. स्वतः सुटावं म्हणून आधीच जाऊन सांगितलं असणार, असं ठरलं. मी ते ठरू दिलं.

तू राजीनामा दिलास, बाबांना घेऊन गेलीस. माझ्यावर रागावलीस ते मी सभेत गप्प बसले म्हणून. ‘‘ते तुझेपण वडील आहेत, एवढं तरी उभी राहून म्हणायचंस,’’ असं तू स्टँडवर म्हणालीस. तेवढाच राग माझ्या वाट्याला आला म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी तुला सांगणार होते. तू म्हणालीस, ‘‘आता काही बोलू नकोस.’’ मी ती आज्ञा मानली. सोयीची आज्ञा माणूस पटकन मानतो.

सोमवारी मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पत्र त्याआधी पोचणार नाही, पण सांगताना पहिली तू असावीस, म्हणून आत्ता लिहिलं. माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तो भार तुझ्यावर कशाला.

धाकटी


१९ सप्टेंबर, मंगळवार

ताई,

सांगितलं.

काल शाळा सुटल्यावर सगळ्यांना थांबवलं. सरांना मी आधी एकट्याला सांगायला हवं होतं, हे मला आता कळतंय. तेव्हा वाटलं, अपमान चारचौघांत झाला, तर खुलासाही चारचौघांत व्हावा. त्यांना काय वाटेल हे मी याही वेळी विचारलं नाही.

मी उभी राहिले आणि तुला लिहिलं तेच सांगितलं, आदेशासकट. मग अहवाल वाचून दाखवला. त्यात लिहिलंय की सरांनी चार आठवडे फळ्यावर लेखी मदत मागितली होती, कुणीही गेलं नाही, त्या तासाला मोकळ्या असणाऱ्यांत मुख्याध्यापिका स्वतः होती, आणि न जाण्याचं कारण अकरा वर्षांपूर्वीचं एक खोटं आहे.

खेळाचे सर म्हणाले, ‘‘मग आम्ही इतकी वर्षं...’’ आणि पुढचं गिळलं. भूगोलाच्या बाई रडायला लागल्या. त्या म्हणाल्या, ‘‘मी त्यांना सांगितलं होतं. या इंग्रजीच्या पोरीला. मीच सांगितलं, जाऊ नकोस म्हणून.’’

सर खुर्चीत बसून होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर. ते बोलले, पण माझ्याशी नाही, समोरच्या टेबलाशी बोलल्यासारखे.

‘‘मला वाटायचं, मीच कुठेतरी बोललो असेन. नकळत. ज्या बाईंचा वर्ग मी सांभाळला त्यांनीच एवढ्या खात्रीने म्हटलं, म्हणजे असणार. दहा वेळा आठवून पाहिलं, भाजीवाल्याशी बोललो का, शेजाऱ्याशी बोललो का. घरी बायकोला विचारायचो, मी झोपेत बोलतो का गं? ती म्हणायची, नाही हो. तरी मग मी बोलायचंच कमी केलं. घरीसुद्धा.’’

ताई, मला वाटलं होतं की ते माझ्यावर चिडतील, नाहीतर माफ करतील. मी दोन्हीची तयारी केली होती. याची नव्हती. मी त्यांचं नाव घालवलं एवढंच मला ठाऊक होतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही घालवला, हे ठाऊक नव्हतं.

ते उठले. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘‘मॅडम, आत्ता नको.’’ आणि गेले.

अहवाल काल संध्याकाळीच संस्थेकडे गेला. सचिवांनी फोनवर विचारलं, ‘‘तुम्हाला ही खुर्ची नकोय का?’’ म्हटलं, ‘‘हवी आहे. पण अहवाल हाच आहे.’’

धाकटी


११ ऑक्टोबर, बुधवार

ताई,

मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. उत्तर दिलंय. या वर्षाअखेरपर्यंत मी इथे आहे, पुढचं संस्था ठरवेल. कदाचित पुन्हा वर्गावर जाईन. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. पण ते वाईट वाटणं सोसण्यासारखं आहे.

शाळा एकदम सुधारली, असं काही झालेलं नाही. उलट पहिला आठवडा फार वाईट गेला. प्रत्येकाला आपापला शनिवार आठवला. कुणी कुणाबद्दल काय सांगितलं होतं याचा हिशेब डोळ्यांत घेऊन माणसं वावरत होती. दोघं भांडली, त्यातल्या एकाने बदली मागितली. खेळाचे सर माझ्याशी अजून कामापुरतं बोलतात. गुरुवारचा चहा मी बंद केला, कारण आता तिथे उभं राहायला लोकांना बोलावण्याचा मला काय अधिकार. मागच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत बघते तर भूगोलाच्या बाईंनीच पाणी ठेवलं होतं. मला बोलावलं नाही. मीही गेले नाही. दाराबाहेरून पाच-सहा जणांचे आवाज ऐकले, आणि कामाला लागले.

बुधवारच्या चौथ्या तासाला प्रयोगशाळेत आता इंग्रजीच्या मॅडम जातात. त्यांना शास्त्रातलं काही कळत नाही. त्या म्हणतात, ‘‘मी फक्त बाह्या दुमडायला लावते.’’ ती मुलगीही आली आहे, हाताला कापड गुंडाळून. आल्याबरोबर तिने सरांना विचारलं, ‘‘सर, तुमचा हात बरा आहे का?’’

आणि काल टपालात एक पाकीट आलं. टपाल माझ्याच टेबलावर येतं. गठ्ठा चाळताना तुझं अक्षर दिसलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर, तोच तिरका ‘श’. मग नाव वाचलं. पत्र शास्त्राच्या सरांना होतं.

शिपाईमामांना देता आलं असतं. मी स्वतः घेऊन गेले. सर परीक्षानळ्या धूत होते. हात पुसले, पाकीट घेतलं, मागून-पुढून पाहिलं. मी निघाले तर म्हणाले, ‘‘थांबा जरा.’’ त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. दोन पानं होती, पाठपोट. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा नळ सोडला. नळी आधीच स्वच्छ होती, तरी ती बराच वेळ धूत राहिले. तू काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. ते म्हणाले, ‘‘बाईंनी खूप लिहिलंय,’’ आणि नळ बंद करून, ‘‘त्यांचा दोष नव्हता, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.’’

माझ्याविषयी काही म्हणाले नाहीत. म्हणावं अशी अपेक्षाही आता राहिलेली नाही.

आज दुपारी ते कार्यालयात आले. अकरा वर्षांत स्वतःहून पहिल्यांदा. समोरच्या खुर्चीत बसले नाहीत. हातात घडी घातलेले कागद होते. म्हणाले, ‘‘उत्तर लिहिलंय. बाईंनी पाठीमागे पत्ता घातला नाही. तुमच्याकडे असेल.’’

मी पाकीट काढलं. त्यांच्या तळहाताची कातडी अजून ताठ आहे, बोटं नीट मिटत नाहीत. म्हणाले, ‘‘तुम्हीच लिहा. माझं अक्षर सध्या लागत नाही.’’ मी पत्ता लिहिला. त्यांनी कागद आत घातले, स्वतः चिकटवलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच टाकायला घेऊन गेले.

माझी आधीची पत्रं तू उघडलीस की एखादंच उघडलंस, मला ठाऊक नाही. हेही उघडायलाच हवं असं नाही. पण उद्या-परवा तुला आणखी एक पाकीट मिळेल. त्यावरचं अक्षर माझं आहे, म्हणून बाजूला टाकू नकोस. आत मी नाही, सर आहेत.

धाकटी